सुलतानपूरचा राणीमासा

लोणारच्या बाजूला लोक सरोवर पाहायला जातात. मी मासा शोधायला गेले होते, आणि तोही समुद्रातला. सरोवर पाहायचं राहूनच गेलं. आल्यापासून कोणी विचारलं की मी मधूनच कुठूनतरी सांगायला लागते आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो; माझाही होतो. म्हणून एकदा पहिल्यापासून लिहून काढते आहे.

मी पुण्यात मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं छापण्याआधी वाचायचं, वेलांट्या, उकार, नावं तपासायची, हे काम सव्वीस वर्षं करते आहे. गेली चार वर्षं आमच्याकडे एका प्राणिकोशाचं काम चालू आहे. त्यातल्या पन्नासेक नोंदी बुलढाण्याच्या नामदेव सोनुने सरांच्या. निवृत्त प्राध्यापक, वय अठ्ठ्याहत्तर, सगळं हाताने लिहिणार आणि छपाईची जुळणी झाली की हस्तलिखित परत मागवणार, कारण दुसरी प्रत नसते. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. पण अक्षर ओळखीचं झालं होतं, आणि नोंदी अशा असायच्या की वाचता वाचता तपासायचं विसरून जावं.

त्यांची एक नोंद प्राण्यांच्या कुलनामांवर होती. शास्त्रात प्राण्यांची जी कुलं मानतात, त्यांना नावं कशी देतात यावर. कुलातली एक प्रजाती नमुना म्हणून धरायची, तिच्या नावाच्या मूळ अंगाला शेवटी 'इडी' जोडायचं, की झालं कुलनाम. मांजराची प्रजाती फेलिस, म्हणून त्याचं कुल फेलिडी. कुत्र्याची कॅनिस, म्हणून कॅनिडी. शेवट कानावर पडला की कळावं, हे कुलाचं नाव आहे. पुढे आणखी एक उदाहरण होतं: ग्रीकमध्ये नेमा म्हणजे धागा, प्टेरॉन म्हणजे पंख, धाग्यासारखे पंख असलेले ते नेमिप्टेरिडी. आणि मग, सरांच्या सवयीप्रमाणे, एक घरगुती वाक्य: 'या कुलातला प्राणी सुलतानपूरच्या आमच्या घरी मी लहानपणापासून पाहत आलो आहे.'

शेवटची मुद्रितं मुंबईच्या एका मत्स्यतज्ज्ञांकडे गेली आणि त्यांनी त्या वाक्याखाली दोन रेघा मारून परत पाठवली. नेमिप्टेरिडी हे माशांचं कुल आहे. कोकणात राणीमासा म्हणतात तो. गुलाबी, खायला चांगला, राहतो समुद्रात. आणि सुलतानपूर बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात. ज्या गृहस्थाला घरात राणीमासा दिसतो, त्याच्या बाकीच्या नोंदींवर आपण विश्वास का ठेवावा, असं तज्ज्ञांनी खाली लिहिलं होतं.

आमचे संपादक दातार यांनी सरांना खुलासा मागणारं पत्र पाठवलं. टाइप मीच केलं. दोन महिने झाले तरी उत्तर नाही. सरांच्या सगळ्याच नोंदी काढून टाकायचं बोलणं सुरू झालं, तेव्हा मी म्हटलं, थांबा, मी फोन करून बघते.

सरांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन त्यांच्या सूनबाईंचा, वैशालीताईंचा. त्या बुलढाण्यात शाळेवर शिक्षिका आहेत. मी कोशाबद्दल सांगितलं आणि माशाबद्दल म्हणून विचारलं, "सुलतानपूरला अजून आहेत का?"

"हो, तिकडेच आहेत सध्या."

"घरात?"

"घरातच. बाहेर निघतच नाहीत. दिवसभर नुसते पडून असतात."

मला काही कळेना. "आणि खातात काय?"

"खाणं लई कमी झालंय. अन् कोणाशी बोलत नाहीत."

मासे बोलत नाहीत हे मलाही ठाऊक होतं. ही बाई माझी थट्टा करते आहे की काय, अशा विचारात मी असतानाच तिकडे शाळेची घंटा झाली आणि फोन बंद झाला.

मी दातारांकडे चार दिवसांची रजा मागितली. "काय बघून येणार? मासा?" त्यांनी विचारलं. तिथे जवळच खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे, त्यात चुकूनमाकून काही असेल, कोणी हौदात पाळलं असेल, असं काहीबाही मनात येत होतं. खरं सांगायचं तर ज्या माणसाचं अक्षर इतकी वर्षं वाचलं, तो खोटं लिहील हे पटत नव्हतं. आणि तो खरं लिहितो आहे हेही पटण्यासारखं नव्हतं.

नांदुरा

बुलढाणा जिल्ह्याचं ठिकाण असलं तरी तिथे रेल्वे नाही. नांदुऱ्याला उतरायचं आणि एसटीने घाट चढायचा. मार्चचा शेवट होता. सकाळचे साडेसात आणि ऊन पुण्याच्या अकराचं. स्टँडसमोरच्या गाडीवर आलुबोंडे तळत होते. आमच्याकडे बटाटेवड्याबरोबर चटणी येते. इथे एका बोंड्याबरोबर तळलेल्या चार मिरच्या आल्या. चौथीपर्यंत मी गेले नाही. दुसरीलाच डोळ्यांतून पाणी काढत समोर लागलेल्या गाडीत जाऊन बसले.

शेजारी पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ सरकीचं पोतं पायाशी घेऊन बसले होते.

"कुठं जाऊन राह्यल्या, ताई?"

"बुलढाण्याला."

"मंग या गाडीत काऊन बसल्या? हे जळगावले चालली."

"जळगावला? मी तर जळगावावरूनच आले रेल्वेने. गाडी उलटी जाते का?"

"ते जळगाव खानदेशातलं. हे आमचं जळगाव जामोद. इकडंच हाय, डोंगराच्या बाजूले." मी गोंधळून उभी राहिले ते पाहून ते हसले. "नाव एक असलं म्हून गाव एक नसते ना, ताई. म्हून त मागं जामोद लावा लागते."

मी उतरायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, बुलढाण्याला कोणाकडे. मी खरं ते सांगितलं: पुढे सुलतानपूरला जायचं आहे, एक मासा पाहायला. राणीमासा.

त्यांनी मला नीट बघून घेतलं. "समुद्रातला?"

"हो."

"सुलतानपुरात?"

"घरात आहे म्हणतात."

"ताई," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुमाले कोनीतरी फसवलं असंल. लोनारचं पानी असं खारं हाय का त्यात मासा जगत नाई. अन् सुलतानपूरच्या नळाले चौथ्या दिवशी पानी येते. पाहा बा, सांभाळून जा."

बुलढाण्याची गाडी आली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात करून ती मला दाखवली. मी पाटी तीनदा वाचून मगच चढले.

बुलढाणा

राजूरचा घाट चढला की हवा बदलते. खालच्या मोकळ्या, तापलेल्या शेतांतून आल्यावर वर सागाची झाडं, थोडा वारा आणि मग एकदम कचेऱ्या, कोर्ट, कॉलेजं. वैशालीताईंचं घर सापडायला वेळ लागला नाही. मी दारातच म्हटलं, "सर आहेत का? मला त्यांना माशाबद्दल विचारायचंय."

"सर?" त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला फोनवर सांगितलं ना, ते सुलतानपूरला आहेत म्हणून? आत्याबाईंकडे, म्हणजे त्यांच्या बहिणीकडे, जुन्या घरी. घरातच पडून असतात."

मग मला उमगलं. फोनवर मी माशाचं विचारत होते आणि त्या सासऱ्यांचं सांगत होत्या. त्यांना हसू आलं, मलाही आलं. पण "खाणं कमी झालंय, कोणाशी बोलत नाहीत" हे मला आठवलं आणि माझं हसू थांबलं. त्यांचंही थांबलं होतं.

जेवताना सगळं कळलं. कळण्याची भाकरी होती, ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, आणि पातोड्यांची भाजी. पातोड्या म्हणजे बेसनाच्या वड्या, पण आपल्याकडे त्या सुक्या खातात, इथे तिखटजाळ रश्श्यात सोडतात. मी एक घास खायचे आणि एक पेला पाणी प्यायचे.

"तुमचं पत्र आलं ना," वैशालीताई म्हणाल्या, "त्या दिवसापासून त्यांनी पेन हाती घेतला नाही."

पत्रात लिहिलं होतं: 'आपण आपल्या नोंदीत नेमिप्टेरिडी असा उल्लेख करून तो प्राणी आपल्या घरी आढळतो असे म्हटले आहे, त्याचा खुलासा व्हावा.' सरांनी ते तीनचार वेळा वाचलं आणि सुनेला विचारलं, "मी मि लिहिला?" तिला काय विचारतात तेच कळलं नाही. मग म्हणाले, "माझ्या हातून मासा लिहिला गेला म्हणजे डोकं कामातून गेलं माझं." सरांचे वडील शेवटची काही वर्षं घरातल्या माणसांनासुद्धा ओळखत नव्हते. सरांच्या मनात तेच बसलं. आपल्यालाही आता ते लागलं, असं.

"तुमच्याकडून हस्तलिखित परत आलं होतं, त्यात पाहा ना, असं मी म्हटलं. पण गठ्ठा उघडलाच नाही त्यांनी. म्हणाले, पाहून काय करू? अन् तो तसाच पिशवीत घालून बहिणीकडे निघून गेले." त्या उठून भाकरी आणायला गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "मले त काहीच समजून नाई राह्यलं, ताई. एका अक्षरानं माणूस असा बसून जाते?"

मलाही समजत नव्हतं. मि लिहिला म्हणजे काय, आणि मि नसेल तर काय असायला हवं होतं, हे विचारायचंही मला सुचलं नाही. मी इतकंच समजून चालले होते की सर चुकले आहेत, वयामुळे चुकले आहेत, आणि मी त्यांची समजूत घालायला निघाले आहे.

सुलतानपूर

दुसऱ्या दिवशी चिखली, मेहकर करत दुपारी बाराला सुलतानपूरला उतरले. लोणारच्या अलीकडचं गाव. हरभरा निघून गेलेला, शेतं उघडी, रस्त्याच्या कडेने कडुलिंबांना नवी पालवी. सरांचं घर विचारलं तर एका बाईने थेट अंगणापर्यंत आणून सोडलं. पुढून सिमेंटच्या दोन खोल्या, मागे मातीच्या भिंतींची एक.

सरांच्या थोरल्या बहिणीला सगळे आक्का म्हणतात. ऐंशी उलटलेल्या, पाठीत वाकलेल्या, आवाज खणखणीत. "पुण्याहून आल्या काय? त्याले न्याले?" त्यांनी पहिलंच विचारलं.

"नाही, भेटायला."

"मंग बसा. मी पानी आनतो." आक्का स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. इकडे बायकांची तशीच रीत आहे. मला मात्र दर वाक्याला घरात आणखी कोणी पुरुष आहे की काय असं वाटून मागे वळून बघावंसं व्हायचं.

सर पुढच्या खोलीत बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी नाव सांगितलं. ऐकू गेलं नाही. पुन्हा मोठ्याने सांगितलं. ते उठून बसले, चष्मा लावला, आणि मी कोण हे कळल्यावर त्यांनी हात जोडले. मी अवघडून गेले.

"तुम्ही एवढ्या लांब यायचं कारण नव्हतं," ते म्हणाले. "काढून टाका माझ्या नोंदी. सगळ्या काढा. कोणती बरोबर अन् कोणती चूक, आता मीच सांगू शकत नाही."

"सर, हस्तलिखितात काय आहे ते एकदा बघू ना!" मी ओरडले.

"मी नाही पाहणार. तुम्ही पाहा. त्या कोनाड्यात आहे."

गठ्ठा आमच्याच कार्यालयाच्या खाकी कागदात होता, सुतळीची गाठसुद्धा तशीच. मी तो घेऊन ओसरीवर आले आणि उन्हात बसून सोडला. कुलनामांची नोंद चाळीसाव्या पानावर होती. सरांचं ते गोल, सुटं अक्षर. नेमा म्हणजे धागा, प्टेरॉन म्हणजे पंख. धाग्यासारखे पंख असलेले ते नेमोप्टेरिडी.

मो. स्वच्छ, काना-मात्रा वेगळी दिसावी असा मो.

आणि त्या मोवर हिरव्या शाईची एक तिरकी रेघ, वर लहानसा मि, आणि समासात दोन शब्द: सर्वत्र एकरूप.

आमच्या कार्यालयात हिरवी शाई फक्त मी वापरते. मि माझा होता. शब्द माझे होते.

मग आठवलं. म्हणजे त्याच क्षणी नाही, हळूहळू. माशांचा विभाग आधी जुळवून झाला होता आणि त्यात नेमिप्टेरिडी दहाबारा ठिकाणी आलं होतं. नंतर सरांची नोंद हातात आली. एकाच कोशात एकच नाव दोन तऱ्हेने कसं चालेल, असं म्हणून मी ते सरळ केलं होतं. सव्वीस वर्षांत असं हजारो वेळा केलं असेल. नाव एकच आहे की दोन, हे कोणालाही विचारलं नव्हतं. आणि पुढे त्याच चुकीचा खुलासा मागणारं पत्र मीच टाइप केलं होतं.

जुनी मुद्रितं रद्दीत गेली होती. हे पान सोडलं तर कुठेही पुरावा नव्हता. तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात काय काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. जुळणीत चूक झाली, असं सांगता आलं असतं. जुळणी करणारा पोरगा नोकरी सोडून केव्हाच गेला होता. सरांचं समाधान झालं असतं, कोश सुटला असता, आणि माझं काही बिघडलं नसतं.

"काय झालं व, बाई?" आक्का पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. "काऊन रडून राह्यली?"

मी रडते आहे हे मला तेव्हा कळलं. आक्कांना मी कसंबसं सांगितलं की चूक त्यांच्या भावाची नाही, माझी आहे. त्यांनी बरोबर लिहिलं होतं, मी ते खोडलं.

आक्कांनी तांब्या खाली ठेवला. मला वाटलं आता बोलतील, रागावतील. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग मले काऊन सांगतं? त्याले सांग. अन् मोठ्यानं सांग, त्याले हळू बोललेलं समजत नाई."

मी आत गेले. सरांसमोर पान धरलं आणि सांगितलं. त्यांनी कान पुढे केला. मी आणखी मोठ्याने सांगितलं. "सर, चूक माझी आहे! तुम्ही मो लिहिला होता! मी मि केला!"

"काय केलं?"

"मी मि केला! मी चुकले!"

आयुष्यात इतक्या मोठ्याने मी काही कबूल केलेलं नाही. गल्लीतली दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. समोरच्या ओट्यावरून एका बाईने आक्कांना विचारलं, "काय म्हून राह्यली व ते?" "चुकलो म्हन्ते," आक्कांनी तिला इथूनच सांगितलं.

सरांनी पान हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. आपल्या मोवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "हे अक्षर माझंच आहे ना?"

"तुमचंच."

"म्हणजे मी बरोबर लिहिलं होतं?"

"हो, सर!"

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. माझा घसा बसला होता. ते रागावतील याची मी वाट पाहत होते, आणि तो राग येतच नव्हता. उलट त्यांनी पाय बाजेखाली सोडले, चपला शोधल्या आणि म्हणाले, "आक्का, चाय कर. गुळाचा."

मागची खोली

चहा झाल्यावर ते वर्गात उभे राहिल्यासारखे बोलू लागले. माझं डोकं अजून ठिकाणावर नव्हतं, त्यामुळे निम्मं निसटलं असेल. नेमिप्टेरिडी माशांचं, नेमोप्टेरिडी किड्यांचं. दोन्हींत तोच धागा आणि तोच पंख, कारण ग्रीकमध्ये पाखराचा पंख आणि माशाचा पर यांना एकच शब्द आहे. राणीमाशाच्या काही जातींच्या शेपटीला धाग्यासारखं टोक असतं, म्हणून तो तसा. किड्याचे मागचे पंखच धाग्यासारखे, म्हणून तो तसा.

"मग दोघांना इतकं सारखं नाव कसं चालू देतात?" मी विचारलं. "गोंधळ होणार नाही का?"

"नियम आहे. कुलांच्या दोन नावांत एका अक्षराचा फरक असला तरी ती वेगळी धरायची. दोन्ही चालतात. अन् एकदा रीतसर ठेवलेलं नाव कोणाला आवडत नाही म्हणून बदलता येत नाही."

"पण वाचणाऱ्याने काय करायचं?"

"नीट वाचायचं," सर म्हणाले. पुण्याचा माणूस हे टोमणा म्हणून म्हणाला असता. त्यांनी मात्र खरोखरच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

दिवस मावळताना त्यांनी मला मागच्या मातीच्या खोलीत नेलं. कोठ्या, जुनी पोती, आणि एका भिंतीच्या कडेला बोटभर जाडीची मऊ धूळ. आक्का दारातच थांबल्या.

"तीस वरसं झाले, हा मले हा कोपरा झाडू देत नाई. सोयरे आले का मी दार लोटून घेतो. त्याइले वाटते, म्हातारी आळशी हाय."

त्या धुळीत त्या किड्याची पिल्लं राहतात, धूळ अंगावर ओढून, बारीक मान तेवढी पुढे काढून, आणि आणखी बारीक किडे धरून खातात. मला त्यातलं काही दिसलं नाही. सर बोट दाखवत होते आणि मला धूळच दिसत होती. "हवेत पाहा," ते म्हणाले. हवेत एक डास होता. मी तसं म्हटलं.

"डास नाही. मागं पाहा त्याच्या."

खिडकीच्या उरल्यासुरल्या उजेडात तो वरखाली झुलत होता. पुढे जात नव्हता, मागे येत नव्हता, एकाच जागी वर जायचा आणि खाली यायचा. मग त्याच्यामागे काहीतरी पांढुरकं हललं. एकाऐवजी दोन. केसाहून जरा जाड, अंगाच्या कितीतरी पट लांब, जणू अंगाला चिकटलेले दोन दोरे तो सोडवू पाहत होता. ते पंख आहेत हे सांगितल्याशिवाय कोणाला कळलं नसतं. मला सांगितल्यावरही कळायला वेळ लागला.

"आमची माय त्याइले दोरेवाले म्हने," आक्का म्हणाल्या. "एवढं लंबं नाव कायले पायजे होतं?"

रात्री जेवायला वांग्याची भाजी, भाकरी आणि ठेचा होता. सरांनी दोन भाकरी खाल्ल्या. आक्का न विचारताच तिसरी वाढायला पुढे आल्या.

मी सरांना सांगितलं की उद्या सकाळी दातारांना फोन करून सगळं सांगणार.

"तुमची नोकरी जाईल?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं. खुलाशाचं पत्र, मुंबईचे तज्ज्ञ, लांबलेली छपाई, सगळं माझ्या एका रेघेपायी झालं होतं.

त्यांनी ठेच्याची वाटी बाजूला सारली. "मग असं सांगा, की म्हाताऱ्याचीच चूक होती. दुरुस्ती करून दिली म्हणा. मला आता कळलं की डोकं शाबूत आहे. मले तेवढं पुरे."

हे त्यांनी इतकं सहज म्हटलं की मला काही क्षण ते सोयीचंच वाटलं. त्या रात्री आक्कांच्या शेजारी अंगणात पडल्यावर मी दोन्ही बाजूंनी विचार करत होते. त्यांची इच्छा मोडू नये, असंही वाटत होतं, आणि त्या इच्छेआड लपते आहे, असंही. निर्णय झाला नाही. झोप मात्र लागली.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. सरांच्या नोंदी कोशात आहेत, सगळ्या. शास्त्रीय नावांचं काम माझ्याकडून काढून घेतलं आहे, नोकरी आहे. मुंबईच्या तज्ज्ञांनी सरांना एक ओळीचं पत्र पाठवलं, ते मी वाचलेलं नाही.

पण त्या सकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. मी अंगणात उभी राहून फोन लावला. दातारांनी उचलला, आणि मी सगळं सांगितलं: मो कोणी लिहिला, मि कोणी केला, कोणत्या शाईने, आणि का. सरांनी काय सुचवलं होतं तेही सांगितलं. फोन कटला की काय असं वाटून मी हॅलो हॅलो केलं.

"ऐकतोय," दातार म्हणाले. "तुमच्याशी आल्यावर बोलू. सर आहेत का तिथे?"

"आहेत. पण त्यांना फोनवर ऐकू येत नाही."

"मग कोणाला तरी सांगायला सांगा. म्हणावं, आमची चूक झाली. त्यांचं बरोबर होतं."

माझ्या घशातून कालपासून मोठा आवाज फुटत नव्हता. मी फोन आक्कांच्या कानाला लावला आणि दातारांना पुन्हा सांगायला लावलं. आक्कांनी डोळे मिटून ऐकलं, फोन माझ्या हातात दिला आणि बाजेवर बसलेल्या भावाकडे वळल्या.

"नाम्या, पुण्याचा साहेब म्हून राह्यला, तुह्यं बरोबर होतं."

"काय?"

"तुह्यं बरोबर होतं!" आक्का ओरडल्या, समोरच्या ओट्यावरच्या बाईने मान वर केली इतक्या मोठ्याने.

आक्का पहिल्यांदा बोलल्या तेव्हाच सरांना ऐकू गेलं असावं असं मला वाटलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने काचा पुसल्या, आणि तो परत लावायचा विसरून तसाच हातात धरून बसून राहिले.